मे महिन्यात धुळ्याला बर्फ

खानदेशातल्या फोटोग्राफरला गुरूच्या शोधात फार लांब जाता येत नाही, कारण वाटेत चाळीसगाव लागते. १९०० साली रेल्वेने धुळ्याला फाटा दिला तो चाळीसगावातून. तेव्हापासून धुळेकर मुंबईला निघो नाहीतर काशीला, पिढ्यान् पिढ्या त्याने आधी चाळीसगावला उतरून पुढच्या गाडीची वाट पाहिलेली आहे. स्टेशनजवळच केकी मूस यांचा बंगला. त्या बंगल्यातला माणूसही आयुष्यभर एका गाडीची वाट पाहत होता, अशी आख्यायिका आहे. म्हणजे ओळख व्हायला विषय आयताच.

ज्यांना मूस माहीत नाहीत (जळगाव-धुळ्याच्या बाहेर अशी माणसे असतात म्हणे) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईच्या पारशी कुटुंबात जन्म. पुढे इंग्लंडला जाऊन कलेचे शिक्षण. तिकडून परतले ते चाळीसगावला, आणि ३१ डिसेंबर १९८९ रोजी वारले तोवर जवळजवळ पन्नास वर्षे घरातच राहिले. उंबरा ओलांडल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. घरात बसून त्यांनी चित्रे रंगवली, शिल्पे केली, कागदाच्या घड्या घालून आकृत्या केल्या, सतार वाजवली आणि असे फोटो काढले की तीनशेच्या आसपास पारितोषिके घर शोधत आली. घरात बसून राहणाऱ्याला बक्षिसे मिळतात हे उदाहरण तरुण पोरांपुढे ठेवू नये, असे माझ्या आईचे मत आहे.

गाडीची गोष्ट अशी. मुंबईची एक मुलगी पंजाब मेलने येईन म्हणाली होती. म्हणून रोज रात्री त्या गाडीच्या वेळेला मूस दारेखिडक्या उघडून दिवे लावत. (पंजाब मेलही १९१२ सालचीच, नायक आणि गाडी एका वयाचे.) आमच्याकडे ही गोष्ट सगळ्यांना येते. सांगणारा प्रत्येक जण गाडीची वेळ वेगळी सांगतो आणि प्रत्येक जण ठाम असतो. ऐकणाऱ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी येते. माझ्या धंद्यातले लोक मात्र एवढेच विचारतात, की दिवे नेमके कुठल्या बाजूने लावायचे? डावीकडून का उजवीकडून?

मूस यांची मोठी ख्याती टेबलटॉप फोटोग्राफीची. मेजावर बारक्यासारक्या वस्तू मांडायच्या, प्रकाश असा टाकायचा, कॅमेरा अशा जागी ठेवायचा, की बघणाऱ्याला वाटावे हा माणूस कुठल्या तरी दूरच्या मुलखात जाऊन आला. ज्याला घराबाहेर पडायचे नाही त्याने डोंगर, नदी आणि गाव टेबलावर बोलावून घ्यावे, हे तर्काला धरूनच झाले. आता त्या घरात त्यांच्या नावाचे कलादालन आहे. तिथे फोटोपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला आधी देखावा दिसतो, मग कोणीतरी कानात सांगते की हे सगळे टेबलावरचे आहे, मग तो चष्मा पुसतो. मला ते चष्मा पुसणे फार आवडले. आपल्याही गिऱ्हाइकाने एकदा चष्मा पुसावा, असे मनात बसले.

पण हे करून पाहायला सवड लागते, आणि आमच्या धंद्यात सवड पंचांगात छापलेली असते. मे म्हणजे ऐन लग्नसराई. फक्त ज्या वर्षी अधिक ज्येष्ठ येतो त्या वर्षी मेच्या मध्यावरच तिथी संपतात आणि धोंड्याचा महिना लागतो. जावयांचे दिवस येतात, फोटोग्राफरचे जातात. असाच एक अधिक महिना होता. दुकानात पंखा, बाहेर चव्वेचाळीस अंश, रस्त्यावर कुत्रेसुद्धा नाही. मी ठरवले: हिमालय करायचा.

बायको म्हणाली, "अहो, त्याच्याआधी कूलरमधलं गवत बदला."

बर्फ कशाचा करावा, हा पहिला प्रश्न. कापूस आमच्याकडे उदंड. पण कापसाचा बर्फ कापूसच दिसतो, विशेषतः उभा जन्म कापूस पाहिलेल्या लोकांना. एका शेतकऱ्याने माझ्या हिमशिखरांकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "भाव काय लागला भाऊ?" मग मीठ आणले. मिठाचा बर्फ सुरेख पडतो, पण कूलर लावला की मिठाला पाणी सुटते आणि बंद केला की मला. रांगोळी घेतली तर तिचा कण मोठा. कॅमेरा जवळ नेला की एकेक कण धोंड्याएवढा. टेबलटॉपमध्ये सगळी करामत कणाची आहे. ज्याचा कण दिसतो त्याचा डोंगर होत नाही. शेवटी पिठीसाखर निघाली. धोंड्याचे अनारसे व्हायचे म्हणून घरात डबा भरलेलाच होता.

झाडांना मात्र खानदेशासारखा मुलूख नाही. उन्हाळ्यात बांधावर रचून ठेवलेली कापसाची पऱ्हाटी, जी आमच्या शंभर पिढ्यांनी चुलीत घातली, ती वीतभर तोडून उभी करा, बोंडांची टरफले तेवढी झाडून टाका, आणि युरोपातले पानगळ झालेले जंगल तयार. झोपडीला काडेपेटी. धुक्याला अगरबत्ती. तलावाला आरसा हवा होता, म्हणून ज्या आरशापुढे गिऱ्हाईक भांग पाडते तोच भिंतीवरून काढून टेबलावर आडवा घातला. त्यानंतर येणारे प्रत्येक गिऱ्हाईक सवयीने टेबलाशी जाऊन तलावात वाकून भांग पाडू लागले. एकाच्या कंगव्यातला केस तलावात पडला तो फोटोत ओंडका म्हणून चांगला आला, हे कबूल केले पाहिजे.

खरी कसोटी उजेडाची. लग्नाचा फोटोग्राफर सावलीचा शत्रू असतो. नवरीच्या अंगावर सावली म्हणजे अपशकुन, म्हणून आम्ही चारी बाजूंनी दिवे मारून माणसाचा पापड करतो. टेबलावर दोन दिवे लावले की प्रत्येक झाडाला दोन सावल्या पडतात, म्हणजे आकाशात दोन सूर्य झाले. एकच दिवा ठेवायचा, तोही लांब. जवळचा दिवा मोठा पडतो आणि सावलीची कड पसरते, लांब गेला की सावली उन्हातल्यासारखी रेखीव होते. मी दिवा मागे मागे नेत गेलो. आमचे दुकान दहा फुटी. दिवा दारातून बाहेर पडला, बोळ ओलांडून समोरच्या शिंप्याच्या दुकानात गेला. शिंपीदादांनी त्याला आनंदाने जागा दिली आणि त्या उजेडात दोन ब्लाउज शिवून काढले. त्यांची मान आडवी आली की माझ्याकडे ग्रहण लागायचे.

शिवाय कॅमेरा वस्तूच्या जवळ नेला की पुढचे झाड तेवढे स्पष्ट आणि मागचा डोंगर पुसट होतो; तिथेच बघणाऱ्याला कळते की हे खेळणे आहे. ते टाळायला भिंगाचे तोंड अगदी बारीक करावे लागते, आणि तोंड बारीक केले की उजेड आत यायला वेळ लागतो, मग शटर बराच वेळ उघडे ठेवून गप्प उभे राहायचे. त्या वेळात बोळातून पाण्याचा टँकर गेला की हिमालयात भूकंप. मूस यांच्या घराजवळून तर मुंबई-भुसावळच्या गाड्या धडधडत जायच्या. त्यांनी हे कसे जमवले, या एका विचाराने माझा त्यांच्याविषयीचा आदर त्या महिन्यात दुप्पट झाला.

आणि मग मुंगी आली. पिठीसाखरेच्या बर्फावर ती येणारच होती. काडेपेटीच्या झोपडीमागून निघून ती तलावाकाठी थांबली आणि फोटोत बैलाएवढी आली. हाताखालच्या पोराने तिला हिममानव ठरवून फोटो स्टेटसला टाकला. माझ्या धंद्याच्या सगळ्या आयुष्यात माझ्या कुठल्याही कामाला इतकी वाहवा मिळालेली नाही. दुसऱ्या दिवशी लोक दुकानात हिममानव पाहायला आले. तोवर त्याचे सगळे कुटुंब आले होते.

अजिंठ्याची एक गोष्ट मला त्या दिवसांत सारखी आठवायची. अजिंठा कागदोपत्री शेजारच्या जिल्ह्यात आहे, पण पाहुणे गाडीतून उतरतात जळगावला, म्हणून आम्ही तो आपलाच समजतो. तिथल्या चित्रांच्या नकला करायला मेजर रॉबर्ट गिल १८४४च्या सुमारास आला आणि वर्षानुवर्षे लेण्यांत बसून राहिला. त्याच्या नकला लंडनला गेल्या आणि १८६६ साली तिथल्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स साहेब विद्यार्थ्यांना घेऊन आले, त्यांनी १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि १८८५ साली त्यांतल्या पुष्कळ पुन्हा जळाल्या. मूळ चित्रे अंधारात निवांत. गिलने पुढे कॅमेरा हातात घेतला, १८७९ साली तो वारला आणि त्याची कबर भुसावळला आहे. नक्कल करणाऱ्यांचा आमच्या भागातला इतिहास असा असताना माझ्या नकलेला नुसत्या मुंग्या लागल्या, हे मी बायकोच्या लक्षात आणून दिले. तिने मला रिकामा डबा दाखवला.

टेबल मुंग्यांच्या स्वाधीन केल्यावर मी माणसांकडे वळलो. मूस यांनी आपल्या घराला डच चित्रकार रेम्ब्राँचे नाव दिले होते. त्या रेम्ब्राँच्या नावाची उजेडाची एक रीत फोटोग्राफीत रूढ आहे: दिवा वरून आणि बाजूने, चेहऱ्याची एक बाजू उजळ, दुसरी अंधारात, आणि अंधारातल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण. तो त्रिकोण पडला की फोटोग्राफरला समाधी लागते. गिऱ्हाईक मात्र जागेच असते.

हॉलिवूडच्या सेसिल डेमिलने स्वतःच एक किस्सा सांगून ठेवला आहे. १९१५च्या एका चित्रपटात त्याने नटाचा अर्धाच चेहरा उजळला. विक्री सांभाळणारे गोल्डविन घाबरले. अर्धा माणूस दाखवला तर थिएटरवाले अर्धेच पैसे देतील. डेमिल म्हणाला, त्यांना सांगा, ही रेम्ब्राँची प्रकाशयोजना आहे. गोल्डविन खूश झाले. मग तर दुप्पट पैसे मागू! मी हा प्रयोग धुळ्यात केला. बायोडाटासाठी फोटो काढायला आलेल्या एका मुलाचे वडील प्रिंट पाहून म्हणाले, "दुसरा गाल कुठं गेला?" मी म्हणालो, "काका, हा रेम्ब्राँ आहे." ते म्हणाले, "असू द्या ना, पण मुलीकडचे म्हणतील गालावर काहीतरी आहे म्हणून लपवला."

सरकार तर रेम्ब्राँच्या उघड विरोधात आहे. पासपोर्टच्या फोटोला मागे पांढरे पाहिजे, नजर समोर पाहिजे, चेहऱ्यावर सावली चालत नाही. जूनच्या तोंडावर शाळाप्रवेशाचे फोटो काढायला आयांची रांग लागते. त्यांना मुलाचे दोन्ही कान मोजून हवे असतात. एक आजी आल्या होत्या खेड्यावरून. आपण गेल्यावर भिंतीवर लावायचा फोटो आपल्या हयातीतच, आपल्या पसंतीने काढून ठेवायचा, असा त्यांचा रोखठोक बेत. असा विषय आणि असा चेहरा फोटोग्राफरला नशिबाने मिळतो. मी मागे काळा पडदा सोडला, एकच दिवा लावला, त्रिकोण पडला. आजींनी फोटो हातात धरला, लांब नेला, जवळ आणला आणि म्हणाल्या, "आतेपासूनच माले अंधारामा बसाडं का रे भाऊ?"

मूस यांच्या सगळ्यात गाजलेल्या फोटोंतल्या एकाचे नाव 'अ विच ऑफ चाळीसगाव', म्हणजे चाळीसगावची चेटकीण. असा फोटो काढून नाव मिळवायचे तर तो विकत घेणारे कोणी नसावे लागते. माझ्या हातून एका बाईंचा त्या वळणाचा एक फोटो निघाला. त्यांच्या सूनबाईंना तो इतका आवडला की त्यांनी मोठी प्रत मागितली. पैसे सासूबाईंनी द्यायचे होते, त्यामुळे तो व्यवहार तिथेच राहिला.

एवढ्यात धोंड्याच्या जेवणाला जळगावहून दाजी आले. दाजींचाही स्टुडिओच, पण तो तीन मजली. ड्रोन आहे, मेहरूण तलावावर लग्नाआधीच्या जोड्यांना पळायला लावणारी माणसे आहेत. माझे टेबल पाहून ते म्हणाले, "सालेसाहेब, बर्फ पाहिजे तर मोबाइलमध्ये बोटाने पडतो. एवढी साखर?"

मी त्यांना मूस सांगितले, त्रिकोण दाखवला. त्यांनी ऐकून घेतले. दाजी माणूस वाईट नाही.

"हे धुळ्यात चालेल एखादवेळी," ते म्हणाले. "जळगावात नाही चालायचं. सोन्याचं गाव ते. नवरीच्या ज्या बाजूला तुम्ही अंधार केला त्याच बाजूच्या हातात पाटल्या होत्या. फोटो सासरी गेला की विचारतील, बोलण्यात ठरल्या होत्या त्या पाटल्या कुठायत?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. रेम्ब्राँकडेही असेल असे वाटत नाही. आईने पानात अनारसे वाढले. रिवाजाने तेहतीस द्यायचे, तेवढे होते. पण पिठीसाखर हिमालयात गेल्यामुळे गूळ घालून केलेले. दाजींनी एक खाल्ला, तलावाकडे पाहिले आणि काही बोलले नाहीत.

जेवण उरकून दाजी आमचा जुना माळा पाहत होते, तेव्हा वडिलांच्या वेळचा रंगवलेला पडदा खाली आला. दल सरोवर, शिकारा, मागे बर्फाची शिखरे, आणि कुठल्या तरी पेंटरने हौसेने काढलेले दोन राजहंस, जे काश्मीरातही सहसा दिसत नाहीत आणि धुळ्यातही. एकवीरा देवीच्या यात्रेत असले पडदे लागत. सोबत पुठ्ठ्याचे विमान, त्याच्या खिडकीत तोंड घालून फोटो काढायचा. ज्या माणसाने साक्रीच्या पलीकडचे जग पाहिलेले नाही तो पांढरा सदरा घालून त्या शिखरांपुढे ताठ उभा राही आणि फोटो घरी नेऊन देवांशेजारी लावी. कोणी फसत नसे. सगळ्यांना ठाऊक होते मागे कापड आहे. वडिलांनी त्या पडद्यावर दोन बहिणींची लग्ने केली. चाळीसगावचा एक माणूस घरातून न हलता टेबलावर मुलूख उभे करत होता, त्याच वर्षांत इथे पन्नास-साठ किलोमीटरवर चार आण्याच्या गिऱ्हाइकांसाठी तोच उद्योग कापडावर चालला होता. फरक कसबाचा होताच, तो जमीन-अस्मानाचा होता. पण पडदा पाहिल्यापासून आपण मूस यांच्या घराण्यातले नाही, ही माझी बोच जरा कमी झाली. मी तो पडदा टेबलामागे टांगला. राजहंस झाडांच्या मानाने फार मोठे होते, म्हणून त्यांच्यापुढे काडेपेटी सरकवली.

तर पडदा, पऱ्हाटी, आरसा आणि राहिलेली साखर मिळून एकदाचा देखावा जमला. टँकर आला नाही, शिंपीदादा जेवायला गेले होते, मुंग्याही कुठे तरी गेल्या होत्या. फोटो निघाला. मोठा करून दारातल्या काचेत लावला.

तो पाहून शिरपूरकडचा एक केळीवाला आत आला. वादळवाऱ्याने त्याच्या केळीचे घड आडवे झाले होते. त्याने फोटोकडे पाहिले. चष्मा काढला. पुसला. माझा श्वास अडकला.

"भो," तो म्हणाला, "ही गारपीट कुठली?"

मी म्हणालो, बर्फ आहे, टेबलावरचा. त्याने टेबल पाहिले, साखर चिमटीत धरून पाहिली. मग दार अर्धे लोटून हळू आवाजात विचारले, "पीकविम्याला असा फोटो निघंल का?"

मी त्याला समजावले, की हे बरोबर नाही, आणि आता तर फोटोवर जागेचे अक्षांश-रेखांश छापून येतात; तुमच्या केळीवरच्या गारा धुळ्याच्या बोळात पडल्या असे दिसेल. त्याने बराच विचार केला.

"मग टेबल शेतात आणू की. छोटा हत्ती आहे माझ्याकडं."

मी स्वच्छ नाही म्हणालो. पण शेतात ऊन एका सूर्याचे, सावली एकच आणि रेखीव, मध्ये शिंपीदादांची मान नाही, हे तो बोलत असताना माझ्या डोक्यात चाललेच होते. तो दारापर्यंत गेला आणि तिथून परत वळला.

"आणि टेबल न नेता जमिनीवरच टाकलं, चार एकरात, तर साखर किती लागंल?"

आम्ही दोघांनी पाटीवर हिशेब मांडला. विम्याच्या रकमेपेक्षा जास्त येत होता. मिठाने थोडा खाली आला, तरी जमेना. मग त्याने खुर्ची ओढली, चहा सांगितला आणि पासपोर्ट साइजच्या बारा प्रती काढून घेतल्या, दोन्ही कानांसकट.